सहा इंचांची पायरी



वाचक बंधू-भगिनींनो, या सदरातून आम्ही रेशनकार्ड, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज अशा अनेक विषयांवर लिहीत आलो आहोत. आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण तो तुमच्या-आमच्या पायाखालचाच आहे. फूटपाथ, रस्ता ओलांडण्याची जागा आणि सरकारी इमारतीच्या दारातल्या पायऱ्या, यांबद्दल आज लिहायचे आहे. कुणी म्हणेल, राहायला धड घर नाही आणि हे फूटपाथाचे काय घेऊन बसले! आमची विनंती एवढीच की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग काय ते ठरवावे.

फूटपाथाची कड रस्त्यापासून सहा इंच वर असावी, त्याहून उंच नसावी, असा साधारण दंडक आहे. धडधाकट माणूस ती कड बोलता बोलता चढून जातो. गुडघे धरलेल्या आजीला मात्र तिथे थांबून कुणाचा तरी हात शोधावा लागतो. सातवा महिना लागलेली सून, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेतलेली बाई, परांचीवरून पडून पाय मोडलेला गवंडी, मोतीबिंदूने दिसेनासे झालेले आजोबा, या सर्वांना ती सहा इंचे जाणवतात. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्याला तर ती भिंतच असते.

आता हा प्रश्न आपल्या वस्त्यांचा कसा, ते पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. महाराष्ट्रात ती संख्या २९ लाख ६३ हजारांच्या घरात होती. देशाच्या एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के निघाले, पण अनुसूचित जातींत ते २.४५ टक्के होते. अंगमेहनतीची कामे, वेळेवर न मिळणारे औषधपाणी, बाळंतपणातली आबाळ, ही कारणे आपल्याला कुणी समजावून सांगायला नकोत. म्हणजे हा प्रश्न आपल्या घरात इतरांपेक्षा थोडा जास्तच आहे, कमी नाही.

आमच्या वस्तीत एक मुलगा आहे. लहानपणीच त्याच्या दोन्ही पायांतली शक्ती गेली. आई चार घरची धुणीभांडी करते. दहावीपर्यंत ती त्याला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवीत असे. पोरगा चांगल्या गुणांनी पास झाला. पण आता तो अंगाने वाढला आणि आई थकली. चाकाची खुर्ची त्याला मिळाली आहे, ती दाराशी उभी असते. घरापासून ज्युनियर कॉलेजपर्यंत जेमतेम एक किलोमीटर अंतर. आम्ही कार्यकर्ते एका रविवारी ती खुर्ची ढकलीत तेवढी वाट चाललो. सात ठिकाणी खुर्ची उचलावी लागली. एका ठिकाणी फूटपाथावर लोखंडी खांब इतके जवळ रोवले होते की खुर्ची मधून जाईना, म्हणून भर रहदारीच्या रस्त्यावर उतरावे लागले. आणि कॉलेजच्या दारात पाच पायऱ्या. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही आज चौघे आहात. उद्या कोण येणार?" त्या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाजवळ उत्तर नव्हते.

पायांत बळ नसूनही तो दहावी झाला. अकरावीला अडला तो या वाटेमुळे. 'शिका' हा शब्द आपण भिंतीभिंतीवर लिहितो. तेव्हा शाळा-कॉलेजच्या वाटेवरची पायरी हा आपल्या चळवळीबाहेरचा विषय आहे, असे आम्हास वाटत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९९५ साली संसदेने अपंग व्यक्तींसाठी समान संधीचा कायदा केला आणि तो १९९६ पासून लागू झाला. फूटपाथाला उतार काढावेत, सिग्नलला आवाजाची सोय करावी, झेब्रा पट्ट्यांवर आंधळ्या माणसाच्या पायाला कळेल अशा खुणा कोराव्यात, रेल्वे फलाटाची कड ओळखू यावी, सार्वजनिक इमारतींना रॅम्प असावा, हे सर्व त्यात होते. पण एक वाक्य असेही होते की हे सर्व सरकारने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करावे. कारकुनीत आयुष्य गेलेल्या माणसाला अशा वाक्याचा अर्थ लगेच कळतो. 'निधी उपलब्ध नाही' असा शेरा मारायला त्याने जागा करून दिली. वीसेक वर्षे तोच शेरा फिरत राहिला.

२००७ साली भारताने अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला. त्यानुसार २०१६ साली नवा कायदा झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यातली कलमे तोंडपाठ असावीत अशी आहेत. कलम ४४ म्हणते की ठरवून दिलेल्या मापात नसेल तर इमारतीच्या नकाशाला मंजुरी देऊ नये आणि काम पूर्ण झाल्याचा दाखलाही देऊ नये. कलम ४५ म्हणते की जुन्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत अपंगांना वापरता येतील अशा कराव्यात. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ही पाच वर्षे जून २०२२ मध्ये भरली. कलम ८९ प्रमाणे कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि पुन्हा मोडल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत.

तरीही पायऱ्या जागच्या जागी राहिल्या, त्याचे एक कारण सर्वोच्च न्यायालयात उघड झाले. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ साली तिथे याचिका दाखल केली होती. २०१७ साली न्यायालयाने सरकारला कामे आणि मुदती ठरवून दिल्या. पण अंमलबजावणी रेंगाळली. शेवटी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने निकाल दिला की कायदा सक्ती सांगतो आणि त्याखालचा नियम क्रमांक १५ मात्र नुसत्या शिफारशी करतो, म्हणून तो नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा, असा आदेश केंद्र सरकारला झाला. म्हणजे कायद्यात 'केलेच पाहिजे' आणि नियमात 'करावे हे बरे', असा मामला सात वर्षे चालला होता! पुढे १४ मे २०२५ रोजी दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगा फूटपाथ मिळणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि तो फूटपाथ अपंगांनाही वापरता आला पाहिजे. लोखंडी खांबांचा प्रश्नही कोर्टात गेला. मुंबईत चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या एका नागरिकाच्या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून त्याची दखल घेतली.

कागदावरचा हक्क पायाखाली आपोआप येत नाही, हे आपल्या समाजाइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तसा ठरावही केला. पण तळे उघडे झाले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना आणि हजारो माणसांना तळ्यापर्यंत चालत जावे लागले. पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, घाट आणि रस्ते यांच्या वापराचा उल्लेख झाला. सार्वजनिक जागा म्हणजे सर्वांची जागा, हे तत्त्व आपण किंमत मोजून मिळवले आहे.

असाच एक प्रसंग अमेरिकेतला आहे. तिथे १९७३ साली कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही संस्थेने अपंगांना वगळू नये. पण त्याखालच्या नियमांवर सही व्हायला चार वर्षे लागली. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरातील सरकारी कचेरीत शंभराहून अधिक अपंग स्त्री-पुरुष शिरले आणि तिथेच बसून राहिले. लहानपणी पोलिओ झालेल्या ज्युडिथ ह्यूमन या त्यांच्या एक पुढारी होत्या. कचेरीचे फोन तोडले, तेव्हा मूकबधिर कार्यकर्त्यांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप पोचवले. आणि आत बसलेल्यांना रोज गरम जेवण कुणी पुरवले? काळ्या लोकांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेने! याच संघटनेच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी 'दलित पँथर' उभी केली होती. २८ एप्रिलला मंत्र्यांनी नियमांवर सही केली, तेव्हाच लोक बाहेर पडले. पुढे १२ मार्च १९९० रोजी वॉशिंग्टनला संसद भवनाच्या पायऱ्या अपंगांनी कुबड्या आणि खुर्च्या खाली टाकून रांगत चढून दाखवल्या. त्याच वर्षी २६ जुलैला रस्ते, बस, दुकाने, हॉटेले सर्वांना लागू होणारा मोठा कायदा तिथे झाला. ज्या पँथरांनी डबे पोचवले त्यांतले बहुतेक स्वतः अपंग नव्हते. आपण या गोष्टीतून घ्यायचा धडा तोच आहे, असे आम्ही समजतो.

आता कामाचे बोलू. पहिले हत्यार म्हणजे शिंप्याची नाही तर सुताराची मोजपट्टी. मापे फार अवघड नाहीत. एक इंच चढायला निदान एक फूट उतार, हे सूत्र मुलांनाही पाठ करून घ्यावे. सहा इंचांच्या कडेला सहा फूट उतार लागतो, आणि तीन पायऱ्यांच्या दीड फुटाला अठरा फूट. उंची जास्त असेल तर उतार याहूनही सावकाश हवा आणि मध्ये थांबायला सपाट जागा हवी. उताराची रुंदी चार फूट असावी. दोन्ही बाजूंना अडीच ते तीन फुटांवर हाताला धरायचा कठडा असावा. उतार रस्त्याला टेकतो तिथे बोटभरही उंचवटा नको, चाक नेमके तिथेच अडकते. फूटपाथावर चालायला सहा फूट मोकळी वाट हवी. त्या सहा फुटांत विजेची पेटी, झाड, जाहिरातीचा खांब काही येता कामा नये.

पिवळ्या खरबरीत फरश्या तुम्ही रेल्वे फलाटावर पाहिल्या असतील. पुष्कळांना त्या शोभेच्या वाटतात. जपानमध्ये सेइइची मियाके नावाच्या गृहस्थांनी त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात पहिल्यांदा बसवल्या. लांब रेघांची फरशी म्हणजे 'सरळ चालत राहा' आणि ठिपक्यांची फरशी म्हणजे 'थांबा, पुढे रस्ता, जिना किंवा फलाटाची कड आहे'. दृष्टिहीन माणूस ती पायाने आणि काठीने वाचतो. म्हणून त्या फरशीवर दुचाकी लावणे म्हणजे कुणाच्या हातातले पुस्तक हिसकावण्यासारखे आहे. आपल्या मुलांना हे जरूर समजावून सांगावे. कंत्राटदार कधी कधी या फरश्यांची रांग थेट झाडाच्या बुंध्यावर नाही तर उघड्या गटारावर नेऊन सोडतात. असे दिसल्यास लगेच तक्रार करावी.

रॅम्प झाला म्हणजे काम झाले असे नाही, हेही अनुभवाने सांगतो. एका सार्वजनिक दवाखान्याच्या तीन पायऱ्यांसाठी आम्ही अर्ज केला. आठ महिन्यांनी रॅम्प झाला, पण पायऱ्या दीड फुटाच्या आणि रॅम्प पाच फुटांचा! पोरे त्यावर घसरगुंडी खेळू लागली. खुर्ची चढवायला दोन माणसे लागत आणि उतरताना खुर्ची सुटून पुढे पळे. आम्ही मोजपट्टी लावून आकृती काढली, पाच फूट आणि अठरा फूट हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि दुसरा अर्ज दिला. साहेब म्हणाले, "एवढी लांबी आणायची कुठून?" आम्ही म्हणालो, "भिंतीकडेने वळवून घ्या." पुढच्या पावसाळ्याआधी वळणाचा रॅम्प झाला. आता तिथे बाळंतिणीही त्याच बाजूने जातात.

अर्ज कसा करावा? जागा नेमकी लिहावी. 'आमच्या भागात' असे मोघम लिहू नये. कोणता रस्ता, कोणत्या दुकानासमोर, किती इंच उंची, किती फूट रुंदी, हे लिहावे. सोबत छायाचित्र जोडावे. २०१६ च्या कायद्याचे कलम ४४ किंवा ४५, जे लागू असेल ते नमूद करावे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जात विचारावे की आमच्या अर्जावर काय कार्यवाही झाली. त्याला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला ते दहा रुपयेही लागत नाहीत. तरीही दाद न मिळाल्यास पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. साक्षीदार बोलावणे, कागदपत्रे मागवणे असे दिवाणी कोर्टाचे अधिकार कायद्याने त्यांना दिले आहेत.

'पैसा नाही' असे उत्तर मिळाले तर आमच्यासारख्या हिशेबाच्या माणसाला विचारा. महाराष्ट्रात महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांच्या कल्याणासाठी राखून ठेवावी, असा शासनाचा आदेश आहे. गेल्या तीन वर्षांत ती रक्कम किती राखली, किती खर्ची पडली आणि कशावर पडली, हे तीन प्रश्न माहिती अधिकारात विचारा. पुष्कळदा त्या उत्तरानंतर पैसा सापडतो.

एक सावधगिरीची गोष्ट. फूटपाथ मोकळा करायचा म्हणजे फेरीवाल्याला हुसकावायचे, असा सोपा अर्थ कुणी काढू नये. भाजीची पाटी घेऊन बसणारी आपलीच मावशी आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने तिला सर्वेक्षण, परवाना आणि ठरवून दिलेली जागा यांचा हक्क दिला आहे. सहा फुटांची वाट आखावी आणि तिच्या बाजूला मावशीला जागा द्यावी, ही आपली मागणी असली पाहिजे. गरिबाचा हक्क गरिबाच्या हक्कावर घालण्याचा डाव ओळखावा.

आणि शेवटी आपल्या घरचे. २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या आहे, तीत धार्मिक आणि सांस्कृतिक कार्यासाठी लोक वापरतात त्या इमारतीही येतात. म्हणजे आपले विहार आणि समाजमंदिरही त्यात आले. विहाराला दोन पायऱ्या असतील तर बारा फुटांचा उतार लागतो. वाळू, सिमेंट, विटा आणि दोन गवंड्यांचे दोन-तीन दिवसांचे काम. गवंडी तर आपल्यातच आहेत. येत्या जयंतीच्या वर्गणीतून डी.जे.चा एक तास कमी करून हा खर्च सहज निघेल. ज्या आजींनी डोक्यावर विटा वाहून विहार बांधले, त्यांना वंदनेच्या वेळी बाहेर खुर्ची टाकून बसावे लागू नये, एवढी अपेक्षा ठेवणे काही फार नाही.

तेव्हा मंडळांनी आणि महिला मंडळांनी येत्या रविवारी एवढेच करावे: वस्तीपासून रेशन दुकान, दवाखाना, शाळा आणि विहार या चार वाटा मोजपट्टी घेऊन चालाव्यात. सोबत वस्तीतील अपंग व्यक्तीला आग्रहाने न्यावे, कारण कुठे अडते ते तिलाच नेमके कळते. अडलेल्या जागांची वहीत यादी करावी आणि प्रत्येक जागेसाठी एक अर्ज द्यावा. आमच्या वस्तीतल्या त्या मुलाचे तीन अर्ज आम्ही दिले आहेत. एका ठिकाणचे लोखंडी खांब निघाले. कॉलेजच्या पाच पायऱ्यांचे उत्तर अजून यायचे आहे. तोवर त्याची अकरावीची पुस्तके आम्ही आणून दिली आहेत आणि तो घरी अभ्यास करतो आहे. रॅम्प होईपर्यंत आम्ही त्या कचेरीची पायरी झिजवणार आहोत. वाचकांनी आपापल्या भागातील अर्जांचे आवक क्रमांक आम्हास जरूर कळवावेत.

जयभीम!